कोलिहापारा

आमचं ऑफिस जुन्या रायपुरातून नव्या राजधानीत हललं, तेव्हा मी मनातल्या मनात अख्ख्या सरकारला शिव्या घातल्या. बूढापारातून चालत जाऊन खुर्चीत बसायची माझी सवय. आता सकाळी उठून स्टाफ बस पकडायची. तिकडचे रस्ते इतके रुंद आणि मोकळे, की साध्याभोळ्या माणसाच्याही स्टिअरिंग धरताच अंगात यायचं.

त्या रस्त्याच्या कडेला, रस्ता करताना उरलेल्या मुरुमाच्या ढिगात एक कोल्हीण व्याली होती. पाण्याची डबरी नेमकी पलीकडे. त्यामुळे तिला पिल्लं घेऊन रस्ता ओलांडावाच लागायचा. एके सकाळी ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. पुढे एक पिल्लू मरून पडलं होतं. आमच्या आधी गेलेल्या कुठल्यातरी गाडीचं काम. कोल्हीण कडेला उभी राहून त्याच्याकडे बघत होती, हॉर्न वाजवला तरी हलेना. ढिगातून आणखी दोन तोंडं डोकावत होती. मला भर बसमध्ये रडू आलं.

रात्री आईनं माझं ताट पाहिलं. "काहून वं, जेवून काहून नाही राहिली?"

मी सांगितलं. तिनं माझ्या ताटावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "पिल्लू गेलं, लय वाईट झालं. पण सकाळी सकाळी कोल्ह्याचं तोंड पाह्यलं तू. ते नशीबवानालेच दिसते, बाई."

मी भडकलेच. कसलं डोंबलाचं नशीब! राहिलेली दोन पिल्लंही अशीच चिरडतील, हेच माझ्या डोक्यात होतं. पण आईचं बोलणं टाकाऊ नसतं, हे मला जरा उशिरा कळतं.

आमचा ड्रायव्हर भनपुरीचा. मांजर आडवं गेलं की तो बस थांबवायचा आणि दुसरी गाडी पुढे गेल्याशिवाय हलायचा नाही. साहेब लोक ओरडले तरी नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

"भैया, हमारे मराठी लोगों में सुबह सियार का मुंह देखना बहुत शुभ मानते हैं. मगर ठीक से दिखना चाहिए. गाड़ी भगाओगे तो क्या दिखेगा?"

शेवटची भर माझी. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "हव दीदी."

तेव्हापासून तिथे बस बैलगाडीसारखी चालायची. त्याच आठवड्यात आमच्या अकाउंटंटची जगदलपूरची बदली रद्द झाली आणि सगळ्या बसचा विश्वास बसला. ढीग जवळ आला की मोबाइल सोडून सगळे खिडकीला लागायचे.

पण बाकीच्या गाड्यांचं काय? सिलतऱ्याहून सळया घेऊन येणाऱ्या ट्रकला कोल्ह्याच्या तोंडाशी काय देणंघेणं? मी म्हटलं, 'वन्य प्राणी, सावधान' अशी पाटी लावू या. ड्रायव्हर हसला.

"जानवर लिखबो त कोनो नइ रुकय दीदी. पारा लिखबो त रुकही."

पारा म्हणजे वस्ती, मोहल्ला. वस्ती आली की पोरंसोरं आली, म्हणून माणूस आपोआप ब्रेकवर पाय ठेवतो. ड्रायव्हरच्या घराशेजारी ट्रकचे नंबर रंगवणारा एक पेंटर राहायचा. त्याच्याकडून दोन पत्र्यांवर लिहून आणलं आणि ढिगाच्या दोन्ही बाजूंना लावलं: 'आगे कोलिहापारा. धीरे चलव.' कोलिहा म्हणजे आपला कोल्हाच.

आणि खरंच गाड्या हळू होऊ लागल्या! एकदा हातगाडीवाल्या भाजीवाल्यानं मला ऑफिसच्या दारात विचारलं, कोलिहापारात धंदा होईल का. मी म्हटलं, एकच घर आहे, आणि ते लोक भाजी घेत नाहीत.

पावसाळा तोंडावर आला होता. एका सकाळी आमची बस थांबली, मागची कार थांबली, समोरून येणारा सळयांचा ट्रकही थांबला. कोल्हीण रस्त्यावर आली. मागे दोन्ही पिल्लं, आता चांगली उंच, तंगड्या वाढलेली. तिघं डबरीकडे निघून गेली. कोणी हॉर्न वाजवला नाही. त्या सगळ्या अनोळखी माणसांचे पाय धरावेत असं मला वाटलं.

घरी आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "दोन्ही पिल्लं वाचली गं. सगळे विचारत होते, आज नशीब कोणाचं उघडणार."

"तुमचं राहू दे वं," आई म्हणाली. "त्या कोल्हिणीनं सकाळी उठून कोणाचं तोंड पाह्यलं असन, ते सांग."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना मी पायरीवरच थांबले आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

"क्या हुआ दीदी?"

"कुछ नहीं भैया," मी म्हटलं. "शुभ है."