दाखला मिळाला!

मी एका नामांकित विद्यापीठात जायला दोनदा निघालो. पहिल्यांदा निघालो तेव्हा त्यांनी मला प्रवेशच दिलेला नव्हता.

(विद्यापीठाचं नाव सांगत नाही. त्यांनीही माझं नाव पुढे कुठे अभिमानाने घेतल्याचं ऐकिवात नाही!)

त्या दिवसांत मध्यप्रदेश नव्याने जुळवला जात होता. आम्ही बऱ्हाणपूरकर होतो तिथेच होतो, राजधानी मात्र नागपूरहून उठून भोपाळला गेली होती. कोणता कागद कुठे पाठवायचा हे खुद्द कागद घेणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. नेमक्या अशा मुहूर्तावर माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी ठरवलं की मी गावातलं कॉलेज सोडून उत्तरेकडच्या त्या मोठ्या विद्यापीठात जायचं. नाना शाळेत गणित शिकवायचे. पोराने एक वर्ष इथे बरं काढलं, उरलेली दोन तिथे काढली की तो प्रोफेसर होणार, असं त्यांचं साधं त्रैराशिक होतं.

विद्यापीठाची अट होती, आधी जुनं कॉलेज सोडल्याचा दाखला पाठवा, मग तुम्हाला घ्यायचं की नाही ते आम्ही बघू! म्हणजे तिकडून नकार आला तर मी ना इथला, ना तिथला, आणि वर्ष पाण्यात.

दाखला मागायला गेलो तर कॉलेजचे कारकून म्हणाले, "जुन्या राज्याचा शिक्का आता चालत नाही. नवा अजून आला नाही."

"मग मी काय करू?"

"तू? तू उद्या ये."

असे बरेच उद्या झाल्यावर एकदाचा शिक्का आला आणि त्याचा पहिलावहिला ठसा माझ्या दाखल्यावर उमटला. मला इतका आनंद झाला की लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडापासूनच मी ओरडत सुटलो, "आई, दाखला मिळाला! दाखला मिळाला!"

इथेच सगळा घोटाळा झाला. मराठीत दाखला म्हणजे कॉलेज सोडल्याचा कागद आणि हिंदीत दाखिला म्हणजे कॉलेजात प्रवेश. एकाने माणूस बाहेर पडतो, दुसऱ्याने आत शिरतो. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावा जिलेबी तळत बसलेले कन्हैयाशेठ हिंदी बोलणारे होते.

"अरे सुनो!" त्यांनी झारा वर करून आरोळी ठोकली. "मास्टरसाब के लड़के को दाखिला मिल गया!"

"शेठजी, दाखिला नाही, दाखला!"

"हाँ हाँ, वही तो!"

"तो नव्हे हो! हा कॉलेज सोडायचा आहे. छोड़ने का!"

"छोड़ना तो पड़ेगा बेटा," कन्हैयाशेठांचा आवाज भरून आला. "घर छोड़े बिना कौन बड़ा हुआ है?"

आणि पुढचं बोलायला मी तोंड उघडलं, तर त्यात गरम जिलेबी गेली. ती गिळेपर्यंत बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

आईने ओरडणं मराठीत ऐकल्यामुळे ती एकटी शुद्धीवर होती. दाखला आम्ही लगेच रजिस्टर पोस्टाने रवाना केला आणि नानांना नीट सांगू असं ठरवलं. पण नानांना शाळेतच हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर 'बधाई' देऊन टाकली होती. पंच्याण्णव मार्क मिळाले तर उरलेले पाच कुठे ठेवलेस म्हणून विचारणारा हा माणूस! त्या संध्याकाळी घरात आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शरद, बरं केलंस."

आयुष्यात पहिल्यांदा. खरं सांगितलं तर तो हात पाठीवरून उचलला जाणार होता, आणि तो मला फार आवडला होता.

आता मला नुसती उत्तराची वाट बघायची नव्हती, वाटून झालेल्या जिलेब्या खऱ्या ठरवणाऱ्या उत्तराची बघायची होती. पोस्टमन दिसला की मी धावायचो. शेवटी तो मला पाहून गल्ली बदलायला लागला! इकडे शेजाऱ्यांचा जिव्हाळा आवरेना. समोरच्या विणकर काकांनी स्वतःच्या मागावरची चादर दिली. तापीपलीकडच्या जैनाबादहून नानांचे मित्र तुकारामकाका खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन आले.

"गाडीत खाय रे भो," ते म्हणाले. "तिकडचे लोक केळं देतील का नाही, कोण जाणे."

आणि मग रोजचा प्रश्न सुरू झाला. "अजून गेला नाहीस?" "कॉलेज तो चालू हो गया होगा ना?" घड पिकत चालला. मी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, तू सांग ना नानांना."

"मी काहून सांगू? तू ओरडला ना गल्लीत? तू सांग!"

"ते मला फोडून काढतील."

"आणि मला विचारतील, इतके दिवस गप काहून राहिली? तुला पळता तरी येतं. मी कुठे जाऊ?"

दुसऱ्या दिवशी जेवताना नाना म्हणाले, "सोमवारच्या गाडीने निघ. मी तिकीट काढतो."

माझा घास हातातच राहिला. आई मात्र शांतपणे भाकरी वाढत होती. तिच्या धीराचं मला फार कौतुक वाटलं.

सोमवारी अर्धा लोधीपुरा स्टेशनवर! हार, नारळ, जिलेबीचा पुडा, पिकून काळा पडलेला तो घड. कन्हैयाशेठांनी तर गाडीलाही कुंकू लावलं. गार्ड शिट्टी फुंकतोय आणि हे म्हणतायत, "रुको भाई, बच्चा पढ़ने जा रहा है!" नानांनी तिकीट माझ्या खिशात कोंबलं. "गाडी सुटेपर्यंत काढू नकोस. हरवशील."

गाडी सुटली. हार गळ्यात घालून मी विचार करत बसलो. जिथे प्रवेश नाही तिथे जाऊन सांगायचं तरी काय? 'पोस्टापेक्षा मी लवकर आलो' म्हणून? मधेच कुठेतरी उतरावं तर नानांनी एवढ्या लांबचं तिकीट काढलेलं. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. मी तिकीट काढलं आणि बघतच राहिलो.

नेपानगर.

दोन-चार स्टेशनांवरचं नेपानगर! तिथल्या कागद कारखान्यात माझा मामा नोकरीला होता. उतरलो तर मामा प्लॅटफॉर्मवर हजर, चेहरा हसू दाबून लाल झालेला.

"ताईने दाजींना सगळं सांगितलं. दाजींचा निरोप आहे, उत्तर येईस्तोवर पोराला लपवून ठेव."

"नाना चिडले नाहीत?"

"चिडले की! पण म्हणाले, एवढ्या लोकांनी हौसेने केलंय, त्यांच्यासमोर पोराची मान खाली गेलेली मला बघवणार नाही."

मी तिथेच रडायला लागलो. मामाने दुसरं काही सुचेना म्हणून एक केळं सोलून दिलं.

पुढचे दिवस मी मामाच्या क्वार्टरमध्ये काढले. बऱ्हाणपूरचं कुणी दिसलं की मामी मला मोरीत ढकलायची. (नेपानगरात बऱ्हाणपूरचे लोक किती आहेत हे मला मोरीतच कळलं.) आणि एका रविवारी नाना आले. हातात लिफाफा, फोडलेला.

"वाचलंत?" मी विचारलं.

"वाचलं. एकदा मनात आणि एकदा तुझ्या आईला मोठ्याने." आणि नाना चक्क हसले. "घेतलंय त्यांनी तुला. गधड्या, घेतलंय!"

सामान बांधायला मी घरी परतलो. डोक्यावर वळकटी घेऊन गल्लीत शिरलो आणि सगळं चिडीचूप झालं. बायकांनी पदर तोंडाला लावले. विणकर काका माग थांबवून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "होतं असं. मन लावून घेऊ नको."

"काका, मला प्रवेश मिळालाय!" या वेळी मी मुद्दाम शुद्ध मराठीत सांगितलं.

"हो हो," काका म्हणाले आणि दारात आलेल्या आईकडे वळले. "पोराला जरा जपा, वहिनी."

मी पत्र दाखवलं. इंग्रजी होतं. कन्हैयाशेठांनी ते उलटसुलट पाहिलं, नीट घडी घालून माझ्या खिशात ठेवलं आणि विचारलं, "निकाल दिया क्या, बेटा?"

दुसऱ्यांदा निघालो तेव्हा ना हार, ना नारळ. लोकांना वाटलं, पोराला आणखी लाजवायला नको. आई, नाना आणि पुडा घेऊन आलेले कन्हैयाशेठ, एवढेच स्टेशनवर होते. गाडी हलली तसे कन्हैयाशेठ खिडकीला धरून चालू लागले.

"इस बार ज़रा टिकके रहना, बेटा!"

मी त्यांचा शब्द मोडला नाही. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता, मी तीन वर्षं टिकलो!