धुऱ्याकाठची ओळ

यवतमाळ सोडून एसटी राळेगावच्या रस्त्याला लागली तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. क्षणभर वाटलं, आपण ढगांतून चाललोय. मग त्या ढगातून लाल लुगड्यातली एक बाई उभी राहिली, तिने कंबर सरळ केली आणि पुन्हा आत बुडाली. कापूस होता तो! डिसेंबरातलं कोवळं ऊन होतं, धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं, आणि शेजारचे आजोबा माझ्याकडे बघून हसत होते.

"पयल्यांदा आल्या काय इकडं?"

"हो. भावाकडे चाललेय."

"मंग झोपा बिनधास्त. राळेगाव आलं का उठवतो."

झोपून कसं चालेल? मी आईच्या कामगिरीवर निघाले होते. माझा धाकटा भाऊ शमुवेल, आमचा शमू, शेतकी शिकला आणि सुवर्णपदक मिळवून बसला. लग्नानंतर मात्र बायकोच्या गावी, राळेगावजवळ, सासऱ्यांची शेती बघायला लागला आणि पंचक्रोशीतल्या लोकांना माती, बियाणं समजावत फिरायला लागला. आता पुण्याच्या एका मोठ्या बियाणे कंपनीने त्याला साहेबाची खुर्ची देऊ केली होती. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. पुण्यात एकटी राहणारी आई मला म्हणाली होती, "तूच त्याला घेऊन ये. तुझं तो ऐकतो." आणि डोळे पुसले होते.

शमूच्या दारात बांबूची मोठी चांदणी टांगलेली होती, नाताळची. त्याची बायको रत्ना लगबगीने बाहेर आली. "या ताई, या! किती वाळल्या हो तुम्ही!" मी चांगली भरलेली बाई आहे, पण इकडे पाहुण्याला असंच म्हणतात, असं शमूने सांगितलं. जेवायला ज्वारीची गरम भाकर, सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि ठेचा. ठेच्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतला. हार मानायची सवय नाही मला.

ही सवय जुनी. लहानपणी संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणायच्या स्पर्धेत मी कायम पहिली. मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागेवर जाऊन बसा, हा प्रभूचा दाखला मी इतका खणखणीत म्हटला होता की पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा पेला. तो घेताना शेजारच्या मुलीला कोपराने मागे सारलं होतं, हेही आठवतं.

संध्याकाळी आम्ही बहीणभाऊ धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसलो. समोर कापूस हळूहळू निळसर होत होता. मी तयारीनिशी बोलले. देवाने दिलेली देणगी मातीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला दाखल्यातल्या धन्याने हाकलून दिलं, आठवतं ना? आईचं वय झालंय. आणि मोठं होणं हे काही पाप नाही.

"पाप नाहीच गं ताई," तो म्हणाला. "मला ती खुर्ची हवीशी वाटते, खरं सांगतो. पण इथलं काम सोडवत नाही. नको म्हणावंसं वाटतं, तेव्हा ती नम्रता आहे की नुसती भीती, तेच कळत नाही. दहा दिवस प्रार्थना करतोय. उत्तर नाही."

मला मनातून बरं वाटलं. मासा गळाला लागला होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वेचणी होती. दव वाळेपर्यंत थांबायचं, मग कमरेला ओटी बांधून बोंडांतला कापूस ओढायचा. रत्ना बायांना घेऊन शेताच्या पलीकडच्या टोकाला गेली. "तुम्ही बसा सावलीत," म्हणाली. सावलीत बसतेय कसली! रस्त्याकडेच्या धुऱ्याला लागून एक ओळ नुसती लगडली होती. काठाच्या झाडांना ऊन आणि मोकळी हवा जास्त, म्हणून ती सगळ्यांत भरलेली. मनात म्हटलं, कसले हे लोक, सगळ्यांत चांगली ओळ सोडून बसलेत! मी तुटून पडले. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, पण हात थांबेनात. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, लांबून बायांचं गाणं येत होतं, आणि मी झोपेत चालावं तशी त्या ओळीतून चालले होते. दुपारपर्यंत अख्खी ओळ साफ! गठ्ठा बांधून मी त्यावर राणीसारखी बसले.

तेवढ्यात रस्त्यावरून एक म्हातारी आली. कमरेला ओटी बांधलेली. ओळीपाशी थांबली, मोकळ्या बोंडांवरून हात फिरवला, आणि माघारी वळली.

"अवं ताई, हे काय केलं!" रत्ना धावत आली. "ते अंजनाबाई होय. ही ओळ आम्ही येचत नाई. माह्या बाबापासून सोडतो. ज्याले गरज हाय त्यानं न्यावं. आपल्या बायबलात नाई काय, शेताचा काठ गरिबाले ठेवा म्हणून? रूथ तशीच तर येचाले गेलती."

"मला सांगायचं तरी!"

"ख्रिस्ती माणसाले काय सांगा लागते? आम्हाले वाटलं, तुम्हाले मालूम असन."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. रूथची गोष्टही मी बक्षिसासाठी पाठ केली होती! गठ्ठा उचलून मी रस्त्याने धावले, चप्पल तुटली, तशीच धावले. "आजी, हा घ्या, तुमचाच आहे."

अंजनाबाईंनी माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "नाई बाई. मी मांगाले नाई आलतो. माह्या हातानं येचतो, तवा नेतो."

मी रडायलाच लागले, भर रस्त्यात. शमू आला. त्याने गठ्ठ्याकडे पाहिलं, मोकळ्या ओळीकडे पाहिलं आणि क्षणभरही न थांबता आतल्या ओळींना हात लावून म्हणाला, "मावशी, आता काठ इथून. यात बोंडं कमी भरली हाय, म्हणून दोन ओळी घ्या."

"दोन कायले? एक बस झाली," म्हणत अंजनाबाई आत शिरल्या. मग मला म्हणाल्या, "उभी काहून? ये, हळू येचाले शिकवतो." ऊन उतरेपर्यंत मी त्यांच्या ओटीत कापूस टाकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या मागे चालत होते, आणि पायांना ते गोड लागत होतं.

रविवारी उपासना आटोपून शमू मला एसटी स्टँडवर सोडायला आला. "ताई, मग सांग ना. काय करू?"

पाठ केलेलं सगळं विसरले होते. म्हटलं, "भित्र्या माणसाला हातची ओळ अशी सोडता येत नाही, शमू. तुझ्यात भीती नाही, मी पाहिलंय. आता जायचं तर जा, राहायचं तर राहा."

त्याने गाडीची पाटी एकदा वाचली. मग हसला. "राहतो."

पुण्याला पोचले तेव्हा साडीला अजून कापूस चिकटलेला होता. आईने दार उघडलं, माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं, आणि त्याच बक्षिसाच्या पेल्यात पाणी दिलं. ते पाणी पिताना मला माझीच लाज वाटली. वचन म्हणायला मी पहिली होते. त्या दाखल्यातल्या शेवटच्या जागेवर जाऊन बसला होता तो आमचा शमू.

"पुढे जातोय ना गं माझा पोरगा?" आईने विचारलं.

"नाही आई. एक ओळ मागे सरकलाय." आणि मी तिला अंजनाबाईंचं सगळं सांगितलं.

आईने माझ्या पदराला चिकटलेले कापसाचे तंतू एकेक करून काढले. मग म्हणाली, "नाताळात तिकडे थंडी असते का गं? माझा स्वेटर काढून ठेव."