ओला ताणा

कुणाच्याही घरी गेलो की आधी मी नजरेनं दार मोजतो. यातून स्ट्रेचर निघेल का, जिन्यावर वळेल का, बाहेरच्या गल्लीत दोन माणसं उचलून चालू शकतील का. लग्नघरीसुद्धा हेच. बायको म्हणते, "बसा ना जरा आता." मी बसतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठून बाहेर बघून येतो.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात दवाखान्याच्या गाडीवर मदतनीस होतो. आमचं घर विणकरांचं. मोठा भाऊ मागावर बसला, मी बसलो नाही. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर आडव्या धाग्याचा धोटा फेकणं मला जमणार नाही, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला खाकी कपडे हवे होते.

गाडीत एक स्ट्रेचर, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मलमपट्टीची पेटी असायची. डॉक्टर नसायचा. आमचं काम उचलायचं आणि पळायचं. जे थोडं शिकवलं होतं त्यात एक गोष्ट पक्की होती: छातीत दुखणाऱ्या माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही.

उन्हाळ्यातली सकाळ होती. फोन आला, छातीत कळ, घाम, लवकर या. पत्ता आमच्याच गल्लीचा होता. घराची खूण ऐकली आणि भावाचं घर डोळ्यांसमोर आलं.

गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवावी लागली, कारण आत पाजणी चालू होती. विणायच्या आधी उभे धागे, म्हणजे ताणा, गल्लीभर लांब ताणून बांबूच्या घोड्यांवर धरतात आणि कुंच्यानं त्यावर खळ चढवतात. ऊन तापायच्या आत उरकावं लागतं. मध्येच सोडला तर धागे चिकटतात, खाली टेकला तर माती बसते आणि सगळा ताणा वाया जातो. म्हणून पाजणी लागली की गल्ली बंद. ज्याला जायचं असेल तो भिंतीला पाठ घासत, हात वर करून, आडवा सरकत जातो. आम्ही लहानपणी शाळेत असेच जायचो.

स्ट्रेचर खांद्यावर उभं धरून मीही तसाच आत गेलो. सोबती ड्रायव्हर गाडीपाशी थांबला.

भाऊ उंबऱ्यावर बसला होता. सदरा ओला, तोंड राखेसारखं. वहिनी पदरानं वारा घालत होती. शेजारी कुंचे हातात धरून उभे होते.

"आला पाह्य गा तुहा दवाखानावाला," शेजारची म्हातारी भावाला म्हणाली.

"भाऊ, हलू नको," मी म्हणालो. "ताणा उतरवतो, मग तुला उचलून नेतो."

"उतरवतं? येडा झाला का? खळ ओली हाये."

"भाऊ, चालायचं नसते याच्यात."

"दूर कुठं हाये? सरकत येतो मी भिंतीनं."

"अहो, ऐका ना त्याचं," वहिनी म्हणाली. "तो शिकून आला हाये."

"तो उचलाले शिकला. पाजाले नाही शिकला."

दोघंतिघं हसले. त्या हसण्यानं माझे कान तापले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी 'उतरवा' म्हटलं असतं तर त्यांनी उतरवला असता. खाकी कपड्यांना तेवढा मान होता. पण ओला ताणा मातीत घालायचा, हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मागावर न बसलेल्या माझ्यातही तेवढा विणकर शिल्लक होता. किंवा मला पुन्हा कुणी हसायला नको होतं. यातलं खरं कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भिंतीला पाठ घासत भाऊ पुढे, मी मागे. मध्येच तो थांबला. मला वाटलं, कळ आली. तर तो ताण्यातला एक तुटका धागा बघत होता. "सांध गा तो," शेजाऱ्याला म्हणाला, आणि पुढे सरकला.

बाहेर ड्रायव्हरनं विचारलं, "पेशंट कुठे हाये?"

"हाच."

"मंग याले रिक्षातच बसवून द्याचं ना गा. गाडी काहून आणली?"

भाऊही हसला. त्यानं एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला. दुसरा वर आलाच नाही. तो माझ्या अंगावर कोसळला.

तो वाचला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "आणताना चालवलं तर नव्हतं?"

"नाही साहेब. उचलूनच आणलं."

भाऊ खाटेवर डोळे मिटून पडला होता.

हृदय कमजोर झालं, आता माग कायमचा बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या सकाळी पाजलेला भावाचा ताणा घरात पडून होता. तो फार दिवस ठेवत नाहीत, खळीला उंदीर लागतात. म्हणून ड्यूटी संपली की मी भावाच्या मागावर बसू लागलो. लहानपणी पाहिलेलं हाताला थोडंफार आठवत होतं. भाऊ खाटेवरून ऐकायचा.

"हळू ठोक गा. लुगडं हाये ते, गोणपाट नाही."

एके दिवशी तसाच पडल्या पडल्या म्हणाला, "त्या डाक्टरले खोटं काहून सांगितलं?"

धोटा माझ्या हातातच राहिला. "नोकरी गेली असती, भाऊ."

तो कुशीवर वळला. मग म्हणाला, "मले वाटलं, माह्यासाठी सांगितलं. हा पायी आला, येडा हाये, असं डाक्टर म्हणन म्हणून."

"नाही."

"बरं. मार धोटा. थांबला का सूत ढिलं पडते."

ताणा संपला. शेवटचं लुगडं उतरवताना विणकर धाग्यांची टोकं मागाच्या फणीत तशीच सोडतो, कारण पुढच्या ताण्याचे धागे त्यांनाच जोडायचे असतात. मी कात्री धरून विचारलं, "टोकं ठेवू का?"

"ठेव," भाऊ म्हणाला. "तू हाये ना."

मी ठेवली. पुढे कधी नाइट ड्यूटीचं, कधी पोरांच्या आजारपणाचं कारण सांगत राहिलो. भाऊ होता तोवर ती टोकं फणीत लोंबत होती, वहिनी त्यांच्यावरची धूळ झटकायची. मी जायचो, त्याची विचारपूस करायचो, आणि मागाकडे पाठ करून बसायचो. चहा येईपर्यंतही बसवत नसे. उठून दारात जायचो आणि गल्लीची रुंदी बघत उभा राहायचो. आतून भाऊ विचारायचा, "काय पाहून राहिला गा?"