टाकीवाल्या मावशींचा गुडघा

नवरा गेल्यावर मावशींनी त्याचाच धंदा उचलला. इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आतून घासून द्यायच्या. बाईमाणूस शिडी चढून टाकीत उतरतं म्हणून लोक तोंडात बोट घालायचे. कोणी शहाणा खालून म्हणाला, "मावशी, पावडर टाका की नुसती, कशाला घासताय?" की वरून उत्तर ठरलेलं. "भिंतीला बुळबुळ धरलीय. तिच्यावर औषध ओतलं तर वरचं मरतं, खालचं हसतं. खरवडल्याशिवाय जात नाही ती!"

अशा बाईचा गुडघा झिजला. धातूचा नवा बसवला, वर्षभर ठणठणीत चालला आणि मग सुजला, अंगात तापही येऊ लागला. गोळ्या घेतल्या की ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की पुन्हा हजर. पुढे ऑपरेशनच्या व्रणातून पू वाहू लागला. मावशींनी डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, हट्ट मात्र एकच, "अजून जालीम द्या."

शेवटी हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. जंतू सुटे फिरत नव्हते. धातूला चिकटून, स्वतःभोवती चिकट थर करून ते त्याच्या आडोशाला बसले होते. औषध त्या थरात पुरतं शिरत नाही, आणि आतले कित्येक जंतू नुसते निपचित पडून असतात, त्यांना ते लागू पडत नाही.

"गुडघा काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "आत साफ करून औषध घातलेलं सिमेंट भरू. जंतू गेले की नवा बसवू. पण पाय वाचेलच असं वचन देत नाही."

"कापाकापी नको. मोठं इंजेक्शन द्या."

शेजारी लेक बसली होती. आईची शिडी सुटावी असं सगळ्यात जास्त तिलाच वाटत होतं. पण तिलाच राहवलं नाही. "आई, लोकांना झापतेस ना? मग स्वतःच्या गुडघ्यावर नुसती पावडर काय टाकत बसलीस?"

 मावशी इतक्या जोरात हसल्या की नर्स धावत आली. "माझे दात माझ्याच घशात घातलेस गं!" आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "काढा. कणभर ठेवू नका."

पुढचे आठवडे वाईट गेले. पाय काठीसारखा सरळ, दंडातून औषध चालू. मावशी मनातून घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या शिव्या द्यायच्या. जंतूंना, सिमेंटला, भेटायला येऊन 'आता आराम करा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला. अखेर तपासण्या स्वच्छ आल्या, नवा गुडघा बसला. तो पुरता वाकत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "शिडी विसरा."

"गुडघा बसवलात, उपकार आहेत. पण चढायचं की नाही ते मी बघेन."

पहिल्याच टाकीच्या दिवशी लेक सोबत आली ती भांडत. "पडलीस तर उचलणार नाही मी."

"नको उचलूस."

मावशींनी चांगला पाय पायरीवर ठेवला, दुसरा ओढून घेतला. दातओठ खात एकेक पायरी. मध्येच शिडी डगमगायची थांबली. खाली लेकीने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, तोंडाची बडबड चालूच.

थोड्या वेळाने टाकीतून आवाज घुमला, "पुष्कळ बुळबुळ आहे गं! ब्रश दे वर!"

लेकीने ब्रश उचलला, पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "सरक तिकडे. मीच येते."