पित्ताची म्हणून खाल्लेली गोळी

२००३ साल असेल, कांद्याचा सीझन. नामपूरला हमाल माझ्या ट्रकमध्ये गोण्या भरत होते आणि एकाएकी मला श्वासच पुरेना... वय तेहतीस, अंगात मस्ती. म्हटलं थकवा असेल, आणि खिशातली गोळी तोंडात टाकली.

ही गोळी झोप उडवायची. आमच्या लाइनला बरेच ड्रायव्हर घ्यायचे, एक घेतली की इंदूरपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. बायकोला, सुनंदाला, मात्र मी थाप मारली होती... पित्ताची आहे म्हणून.

संध्याकाळपर्यंत पाय सुजले, आडवं पडलं की जीव घुसमटायला लागला. भावाने नाशिकला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं... ते नुसतं थरथरत होतं. बघून माझी बोबडीच वळली.

कसली गोळी, नशा करता का, असं त्यांनी विचारलं. सुनंदा शेजारीच उभी. मी शहाण्यासारखा नाही म्हणालो.

औषधाने जरा बरं वाटायचं की पुन्हा बिघडायचं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरही चक्रावले. तेव्हा सुनंदा हळूच म्हणाली, "ह्यांची पित्ताची गोळी मी रोज सकाळी देते. चालंल ना ती?" आणि पिशवीतून पाकीट काढलं.

होय, तीन दिवस ती देत होती आणि मी गुपचूप गिळत होतो. नको म्हटलं असतं तर बिंग फुटलं असतं ना... इतका मूर्ख माणूस तुम्ही पाहिला नसेल.

डॉक्टरांनी पाकीट वाचलं. "ही पित्ताची नाही, झोप उडवायची गोळी आहे. ह्यानेच हृदय निकामी होत चाललंय. आज बंद केली तर कदाचित सावरेल." सुनंदा एवढंच म्हणाली, "म्हंजे मीच देत होते?"

पाच महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी. पडद्यावर तेच हृदय... पण काय सांगू, कसं दणकट चाललं होतं! सगळ्यांचं असं सावरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी आ वासून बघत राहिलो. इतकं छळलं त्याला, तरी बिचारं एकदाही थांबलं नव्हतं.

सुनंदाने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या पायाला हात लावून सूज आहे का बघत होती. माझं खोटं मी तिच्याच हातून खात होतो... आणि आजपर्यंत तिने ते एकदाही बोलून दाखवलेलं नाही.