शहातने नाही म्हटलेली गाडी

दमनहूर शहरातल्या आमच्या गल्लीत समोरून ठोकलेली गाडी आली की मालक आधी शहातचा चेहरा बघायचे. पत्रा सरळ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारी माझं सीटकव्हर शिवण्याचं दुकान, त्यामुळे वीस वर्षं त्याचं काम पाहत आलो. तो आधी पत्र्याला हात लावायचाच नाही. गाडीखाली शिरून दोरीने सांगाडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजायचा, मगच बोलायचा.

एका सकाळी सुईण इन्साफची निळी गाडी ओढत आणली. कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर आदळून बॉनेट दुमडलं होतं. इन्साफच्या कपाळाला पट्टी होती. नवरा गेल्यावर, पन्नाशीत, ती याच गाडीवर चालवायला शिकली होती. शहातची तिन्ही मुलं तिच्याच हातावर जन्मलेली.

गाडीखालून बाहेर येत शहात म्हणाला, "दोन बोटांचा फरक आहे. सांगाडाच वाकलाय. नाद सोड, इन्साफताई."

"पलीकडचा गॅरेजवाला तर म्हणतो, आठवड्यात नवीकोरी करून देतो."

"देईल की. मीही देईन. रंग मारला की तुझ्या सुनेलाही कळणार नाही. पण ब्रेक दाबलास की एका बाजूला ओढेल. आणि पुन्हा आदळलीस तर ती तुला वाचवणार नाही."

"कामाचा कंटाळा आलाय म्हण ना सरळ."

शहात हात पुसत राहिला. मग म्हणाला, "अतीयाची गाडी मीच सरळ केली होती."

अतीया त्याचा धाकटा भाऊ. धुक्यात गाडी घसरून गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"हट्टाला पेटला, मला नाही म्हणवलं नाही. गाडी ओढते म्हणून तो सांगत होता. मी म्हटलं, होईल सवय."

शहात बाकावर बसला. इन्साफ त्याच्या शेजारी टेकली. "त्याच्या मुलीला मीच जगात आणलं," ती म्हणाली. "तिची जिवणी अगदी त्याच्यासारखी आहे." मग हळूच म्हणाली, "पण मी आता खेड्यांत जाऊ कशी?"

"तीन आठवडे मी नेतो. तोवर दुसरी गाडी बघू."

आणि नेलं. बाळंतपण होईपर्यंत हा परक्यांच्या ओट्यावर बसून राहायचा. मधल्या वेळात त्याने तांता शहराच्या भंगारबाजारातून त्याच जातीची गाडी शोधली. आतून जळलेली, पण सांगाडा शाबूत. तिच्यात इन्साफच्या गाडीचं इंजिन बसवलं, दारं लावली. सीट मी शिवल्या.

गाडी तयार झाल्यावर आम्ही कापसाच्या गिरणीमागच्या मैदानात गेलो. शहात बाहेरून खिडकीत वाकून म्हणाला, "हळू चालव, स्टिअरिंग सोड आणि ब्रेक दाब."

गाडी सरळ थांबली. त्याने पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदाही ती रेषेत थांबली, तेव्हा तो तिथेच मातीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

इन्साफ उतरली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "ऊठ रे बाबा. एक बाई अडली आहे, तिकडे जायचंय."