अर्धा पंखा

सूचौ शहरात कालव्याकाठी गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची घरं आहेत, आणि तिथे दुपार ही झोपेची वेळ. मिनयूचा डोळा मात्र आज लागतो आणि लगेच उघडतो. उशीपाशी शेनचा पंखा पडलाय. त्यावर त्याच्या हातची एकच ओळ: 'नदी दाराशी येते, उंबरा ओलांडत नाही.'

या घरात प्रेमाची मागणी अशीच येते. पुरुषाने एक ओळ लिहायची, बाईने जोडीची दुसरी. पुरा झालेला पंखा परत गेला की होकार. अर्धाच गेला तर त्या माणसाने पुन्हा ही पायरी चढायची नाही. शेन राजधानीला परीक्षेला निघालाय, त्याची होडी तिसऱ्या प्रहरी सुटणार. आणि जिच्या हजरजबाबीपणापुढे भलेभले पंडित गार होतात, त्या मिनयूला सकाळपासून एक धड ओळ सुचत नाही. आवडत्या माणसापुढे नेमकी अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

ती कूस बदलते. पलंगाच्या काठावर रोलानताई पाय हलवत बसलीय. मिनयूला पिपाच्या तारा छेडायला, ओळी जुळवायला शिकवणारी, तीन वर्षांपूर्वी तापाने गेलेली रोलानताई. खालच्या ओठावर तोच काळा ठिपका. कुंचल्याचं टोक ओठांनी ओलं करायची तिची खोड होती. घराची मालकीण, जिला सगळ्या आई म्हणतात, ओरडून ओरडून थकली, पण खोड काही गेली नाही.

"ताई! अगं, तू तर..."

"मेले. ठाऊक आहे मला. सरक जरा."

मिनयू सरकते तसा पलंग डुलतो, कारण पलंगाची आता होडी झालीय. दोन्ही काठांनी घरातल्याच खोल्या मागे जाताहेत, आरसे, पडदे, चहाचे पेले. मिनयूला भीती वाटत नाही. केवढा आनंद झालाय तिला!

"काय काय सुचलं, ऐकव."

मिनयू चंद्राची ओळ ऐकवते, मग बगळ्याची, मग कमळाची.

"छान आहेत," ताई जांभई देते. "माझ्याही छान होत्या. तीन दिवस त्याहून छान शोधत बसले. पंखा अर्धाच राहिला आणि माझा माणूस निघून गेला. त्याला वाटलं, मला तो नको."

"पण तू तर म्हणायचीस, तूच त्याला नाकारलंस!"

"खरं सांगायची लाज वाटायची गं."

मिनयूला गलबलून येतं. होडी आता स्वयंपाकघरातून चाललीय, चुलीवर भात रटरटतोय. पलीकडे धक्क्यावर शेन पाठमोरा उभा आहे.

"ताई, लवकर सांग, काय लिहू?"

"मला काय विचारतेस? तुला त्याला काय सांगायचंय?"

"सांगायचंय काय! नदी नाही ना येत आत? मग माझं पाऊल उंबरा ओलांडेल. दाराशी थांबायची नाही मी!"

ताई टाळी वाजवते, चुलीमागून बगळे उडतात. "वेडाबाई, झाली की तुझी ओळ!" ती कुंचला आपल्या ओठांत धरते आणि तसाच मिनयूच्या ओठाला लावते. "आता सजवत बसू नकोस."

"मिनयू! ऊठ!" दारात आई उभी आहे. "होडी सुटतेय. पंखा अर्धाच पाठवू?" मग ती जवळ येते आणि थबकते. "अगं मेले, तूही कुंचला ओठाला लावायला लागलीस?"

मिनयू ओठाला बोट लावते. बोट काळं होतं, ओलं. शाई उगाळायचा दगड तर सकाळपासून कोरडा ठणठणीत पडलाय.

शाई उगाळायला आता वेळ नाही. ती कुंचला ओठावरून फिरवते आणि लिहिते: 'पाऊल उंबरा ओलांडते, दाराशी थांबत नाही.' शाई शेवटच्या अक्षरापर्यंत पुरते.

"आण इकडे, दासीबरोबर पाठवते," आई हात पुढे करते.

पण मिनयू पंखा घेऊन अनवाणीच धावत सुटलीय, आणि उंबरा केव्हाच मागे पडलाय.